आधी पाहुणा, मग काकाजी

दुपारी बाराच्या सुमाराला आमच्या गल्लीत अनोळखी माणसाने शिरू नये. शिरायचंच असेल तर उपाशीपोटी शिरावं. कुरिअरवाले हे जाणून होते. ज्यांचं जेवण झालेलं असे ते आमची पार्सलं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात टाकून पळ काढत. ज्यांचं झालेलं नसे ते गाडी अगदी हळू चालवत, विनाकारण हॉर्न वाजवत येत. कारण आमच्या समोरच्या घराच्या फाटकात ढोकेकाकाजी उभे असत.

मी हिशेब तपासण्याच्या नोकरीत आहे; ऑफिस जवळच, म्हणून दुपारी जेवायला घरी येतो. खर्चाला जसा आधार लागतो तसा विधानालाही लागतो, असं मी मानतो. म्हणून काकाजींबद्दल जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहितो. ऐकीव असेल तिथे तसं सांगेन.

नाव देवराव ढोके. दक्षिण नागपुरातल्या आमच्या ले-आउटमधले, म्हणजे वसाहतीतले, सगळे त्यांना काकाजी म्हणत. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे बसस्थानकाच्या खिडकीत बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते सांगणारे. नोकरी संपली, आवाज संपला नाही. त्यांनी घरात पाणी मागितलं की माझी बायको इकडे ग्लास भरायची. उंच, सडपातळ, खांद्यावर धुवट दुपट्टा, आणि बाराला फाटकात उभे राहताना पाय अनवाणी. चपला घातल्या तर हा माणूस कुठे तरी निघाला आहे असं पाहुण्याला वाटतं आणि तो संकोचतो, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा नेम एकच होता. घराबाहेरचा एक तरी माणूस जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. नरखेड तालुक्यातल्या त्यांच्या गावी वडिलांनी तो पाळला होता (हे ऐकीव). तिथे घर रस्त्यालगत, त्यामुळे पाहुणा शोधावा लागत नसे. नागपुरातल्या आमच्या बंद गल्लीत तो शोधावा लागे, कधी कधी पकडावा लागे.

एरवी काकाजी फार देवधर्म करणारे नव्हते. देवाला उदबत्ती अशी दाखवत की इंदूकाकू म्हणत, "गाडीले झेंडी दाखवून राहिले जसे." यावर काकाजींचं उत्तर ठरलेलं असे.

"देव बसून आहे, त्याले कुठं जायचं नाही. पाहुण्याले घाई असते. म्हणून आधी पाहुणा."

काकू स्वतः साडेअकरालाच जेवून घेत. "नेम त्यायचा, भूक माही," असं त्या फाटकात उभं राहून, नवऱ्याच्या देखत, ढेकर देत सांगत.

पाहुणा कोणाला म्हणायचं याचेही नियम होते. नातेवाईक चालत नसत. शेजारी चालत नसत. आम्ही सगळे त्यामुळे सुरक्षित होतो. फोन करून येणारा तर मुळीच नाही. "तो पाहुणा नाही गा, तो रिझर्वेशनवाला." आलेल्या माणसाचं जेवण होऊन हात धुतले जाईपर्यंत त्याला नाव, गाव, जात, काम काहीही विचारायचं नाही. "आधी नाव विचारलं का वाढणाऱ्याचा हात आखडते." आणि 'आणखी हवं का' असं कधी म्हणायचं नाही, वाढायचं. या शेवटच्या नियमापायी मी एका गॅस शेगडी दुरुस्त करणाऱ्याला त्यांच्या ओट्यावर दुपारभर आडवं झालेलं पाहिलं आहे.

एकदा पालिकेचा एक कर्मचारी गल्लीत आला. काकाजींनी त्याला बोलूच दिलं नाही, हात धरून आत नेलं. त्या दिवशी बेसनाच्या वड्यांची, पातोडीची भाजी होती. तर्रीचा वास घेतल्यावर तोही काही बोलला नाही. ताक पिऊन झालं, हात धुतले, आणि मग त्याने पिशवीतून एक कागद काढला, परत ठेवला, पुन्हा काढला. मी तेव्हा काकाजींकडे वर्तमानपत्र परत द्यायला गेलो होतो.

"काय झालं गा?" काकाजींनी विचारलं.

"काकाजी, तुमच्या फाटकाचा उतार रस्त्यावर येते. त्याची नोटीस होती. पण आता राहू द्या."

"काहून राहू द्या?"

"तुमचं मीठ खाल्लं ना."

"मीठ भाजीत होतं, नोटिशीत नव्हतं. तुले जेवू घालणं माहा धर्म. नोटीस देणं तुहा. माह्यावाल्या धर्मानं तुह्यावाला बुडवला तर पाप कोणाले लागन?"

कर्मचाऱ्याला हे माहीत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मलाही माहीत नव्हतं.

"काढ कागद. कुठं सही करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी स्वतः लोखंडी सब्बल घेऊन उतार फोडत होते. एकाने फोडल्यावर पालिकेला बाकीचे दिसू लागले. महिनाभरात गल्लीतला एकूण एक उतार गेला आणि आमच्या सगळ्यांच्या गाड्या उड्या मारत घरात शिरू लागल्या. माझ्या स्कूटरचा शॉक-अप त्यात गेला. मी तसं काकाजींना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "रस्ता सगळ्यायचा आहे ना, साहेब?" मला हिशेब तपासताना असं उत्तर कोणी दिलं तर मी शेरा मारू शकत नाही.

बारा वाजले आणि कोणीच आलं नाही, तर काकाजी उभेच राहत. कधी दोन वाजत, कधी चार. हनुमान मंदिरात प्रवचनाला एक बुवा आले होते, त्यांनी हा प्रश्न सोडवला आणि दुसरा निर्माण केला. बुवांनी सांगितलं की गृहस्थाने दुपारी अंगणात उभं राहून पाहुण्याची वाट पाहावी, पण गाय दोहायला जितका वेळ लागतो तितकाच वेळ. तेवढ्यात कोणी आलं नाही तर जेवून घ्यायला हरकत नाही, जुन्या ग्रंथांत तसं सांगितलं आहे.

काकू बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून पेंगत होत्या. त्या ताठ बसल्या आणि भर प्रवचनात पुरुषांच्या बाजूला ओरडल्या, "ऐकलं काय?"

"ऐकलं," काकाजी म्हणाले. दोघांचा आवाज सारखाच मोठा असल्यामुळे बुवा थांबले.

"मंग उद्यापासून गाय."

"कोणती गाय?"

"कोणतीबी!"

"अशी कशी कोणतीबी? गाईगाईत फरक असते."

वाद घरी गेला, घरून माझ्याकडे आला. आकड्यांचा प्रश्न आला की ले-आउट माझ्याकडे येतं. मी म्हटलं, मोजून पाहू. रविवारी आम्ही हिंगणा रोडवरच्या एका गोठ्यात गेलो. मी, काकाजी आणि आमच्या शेजारचे मेश्राम सर. सर निवृत्त शिक्षक, गणित शिकवायचे, आणि काकाजींची फजिती होण्याची शक्यता असेल तिथे आवर्जून हजर राहायचे.

गवळ्याने पहिल्यांदा जर्सी दाखवली. मशीन लावलं, घुर्र झालं, काढलं. काकाजींनी मान हलवली. "हे दोहणं नव्हे. हे पंक्चरवाल्याकडे हवा भरणं आहे, उलट्या बाजूनं. ग्रंथात जर्सी नसन."

"मग गावरान गवळाऊ आहे एक," गवळी म्हणाला, "पण राहू द्या."

"काहून?"

"चंद्री तिचं नाव. तिच्या मनावर असते."

चंद्रीच्या मनावर नव्हतं. मी मोबाइलचं घड्याळ सुरू केलं. तिने आधी बादली उडवली, मग गवळ्याला. वासरू आणलं, तर त्याला चाटत बसली. दुसऱ्यांदा बादली उडवल्यावर मी गवळ्याला विचारलं की आता वेळ शून्यापासून धरायचा का. तो बादलीखालून माझ्याकडे ज्या नजरेने पाहू लागला ती मी विसरलेलो नाही. मेश्राम सर गोठ्याच्या खांबाला धरून हसत होते. शेवटी बादलीत तांब्याभर दूध पडलं तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता.

"हीच," काकाजी म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "ग्रंथातली गाय हीच असन."

मी सुचवलं की जर्सी आणि चंद्री यांची सरासरी काढू.

"सरासरीची गाय कोणाच्या गोठ्यात असते, साहेब? मले दाखवा. तिच्या हिशेबानं उभा राहतो."

चंद्री कायम झाली. ले-आउटमध्ये ते वेळेचं मापच झालं. "एका चंद्रीत येतो," असं लोक फोनवर सांगू लागले. काकू रागावल्या, पण चार वाजेपर्यंत उभं राहण्यापेक्षा पाऊण तास बरा, असं म्हणून गप्प बसल्या.

गोठ्यातून परत आल्यावर संध्याकाळी आम्ही काकाजींच्या ओट्यावर बसलो होतो. मेश्राम सर अजून अधूनमधून हसत होते. हसता हसताच त्यांनी विचारलं, "काकाजी, एक सांगा. तुमच्या गावच्या अंगणात दुपारी बाराला माझे आजोबा आले असते, तर ते पाहुणे झाले असते काय?"

सरांच्या आजोबांनी छप्पन साली इथेच नागपुरात बुद्धाचा धम्म स्वीकारला. त्याआधी त्यांना गावोगावच्या कोणत्या अंगणात कुठवर येऊ देत, हे ओट्यावर बसलेल्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

काकाजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर घेतला. मग ते म्हणाले, "नाही. बाहेर पत्रावळ ठेवली असती. दुरून."

"मग चंद्री असो की जर्सी," सर म्हणाले, "काय फरक पडते?"

दुसऱ्या दिवशी बाराला काकाजींचं फाटक रिकामं दिसलं. गल्लीत घबराट पसरली. माझी बायको गॅस बंद करून बाहेर आली. पाहतो तर काकाजी मेश्राम सरांच्या दारात, अनवाणी नव्हे, चपला घालून.

"सर, सकाळपासून उपाशी आहो."

सर दारात आले. "आज नेम मोडला?"

"माह्या आजोबाचा दुरून वाढाचा नेम मले मोडता येत नाही, ते मरून गेले. मी आपला जेवाले आलो."

सरांनी त्यांना आत घेतलं. दार उघडंच असल्यामुळे मला दिसत होतं. सर स्वतः वाढत होते आणि काकाजी मान खाली घालून भराभर जेवत होते. थोड्या वेळाने सर म्हणाले, "काकाजी, यानं काही फिटत नाही."

"माहीत आहे," काकाजी म्हणाले. "भात वाढा."

यानंतर दोघे मित्र झाले असं लिहायला सोपं आहे, पण ते खरं नाही. मित्र ते आधीपासूनच होते. यानंतर ते भांडू मात्र मोकळेपणाने लागले.

मग एका मे महिन्यात काकाजी फाटकातच कोसळले. नागपूरच्या मेमधलं ऊन, डोक्यावर नुसता दुपट्टा, पोटात मधुमेहाची गोळी आणि अन्न नाही. डॉक्टरांनी सांगितलं, गोळी घेतली की वेळेवर जेवायचं, बारा म्हणजे बारा. पुण्याहून त्यांची मुलगी वर्षा आली. एकुलती एक, बापासारखी उंच आणि बापासारखी ठाम. तिने उशाशी बसून निर्णय सांगितला.

"बाबा, पुन्हा एकदा असं झालं ना, तर मी तुम्हाला दोघांना पुण्याला घेऊन जाणार. कायमचं."

काकाजी पुण्याच्या त्या घरी एकदाच राहून आले होते. तिथे फाटकावरचा पहारेकरी वर फोन करून विचारल्याशिवाय कोणाला आत सोडत नाही. अनोळखी माणूस लिफ्टपर्यंतसुद्धा पोचत नाही.

"म्हणजे पाहुणेबंदी!" काकाजी उठून बसले.

"आता तरी गाय बदला," काकू म्हणाल्या.

"गाय बदलाले ते काय मोबाइल आहे?"

वर्षा परत गेली. काकाजी पुन्हा फाटकात. उन्हामुळे गल्लीत चिटपाखरू फिरकत नव्हतं, आणि पाऊण तासाच्या शेवटी ते फाटकाच्या दांड्यावर रेलून उभे असलेले मी माझ्या खिडकीतून पाहत होतो. आणखी एकदा पडले की संपलं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

आणि मग एका सोमवारपासून पाहुणे यायला लागले. रोज, बाराच्या ठोक्याला, एक तरी अनोळखी माणूस उन्हातान्हात गल्लीत शिरे, गोंधळल्यासारखा इकडेतिकडे पाही आणि फाटकाशी येऊन विचारी, "इथं सोहोनी कुठं राहतात?"

"आधी या, जेवा," काकाजी म्हणत, आणि पाचव्या मिनिटाला स्वतःही पाटावर बसलेले असत. त्यांच्या गालांवर तेज आलं. "गल्लीचं भाग्य उघडून राहिलं, साहेब," ते मला म्हणाले. मी "हो" म्हटलं आणि घरात गेलो. कारण त्या दिवशीचा पाहुणा माझ्या ऑफिसातला होता.

हे सगळं इंदूकाकूंनी जमवलं होतं. त्या माझ्या बायकोकडे आणि मेश्राम सरांकडे आल्या आणि म्हणाल्या, "मले रोज एक माणूस पाह्यजे. त्यायनं न पाहिलेला." मग सरांनी आपले जुने विद्यार्थी पाठवले, बायकोने माहेरचे दूरचे लोक, मी सहकारी. सोहोनी हे नावही सरांचंच. प्रत्येकाला वेगळं कारण शिकवलं की कोणी तरी चुकतो. सगळ्यांना एकच सांगावं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव. आमच्या ले-आउटमध्ये सोहोनी नावाचा माणूस नाही याची त्यांनी खात्री करून घेतली होती. पलीकडच्या ले-आउटची केली नव्हती.

आम्ही एक गोष्ट धरलीच नव्हती. ज्याला रोज कोणी ना कोणी शोधत येतं, तो माणूस काकाजींच्या डोक्यात घर करणार हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. शिवाय माझ्या ऑफिसातल्या टेकाडेला नाटकाची हौस. तो जेवताना म्हणाला की सोहोनी लवकर सापडले नाहीत तर फार वाईट होईल, आणि डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी अकरालाच काकाजींनी चपला घातल्या, डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि काकूंना सांगितलं, "त्या सोहोनीवर मोठं संकट आहे. आपण पुरणपोळ्या वाढून राहिलो अन् तो बिचारा कुठं आहे कोणाले माहीत. पाहून येतो."

काकू आम्हाला सांगायला धावल्या, तोवर ते दिसेनासे झाले होते. आणि नेमकी त्याच दिवशी, कोणाला न कळवता, वर्षा रिक्षातून उतरली. मी आणि मेश्राम सर तिथेच होतो. सरांनी पाठवलेला त्या दिवशीचा पाहुणाही बाहेरच्या खुर्चीत आज्ञाधारकपणे बसला होता.

"आई, बाबा कुठे आहेत?"

"सोहोनीले शोधाले गेले."

"कोण सोहोनी?"

"कोणी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीच कोणी. आहे कुठं तो?"

"मग बाबा कोणाला शोधताहेत?"

"सोहोनीले!"

वर्षाने आमच्याकडे पाहिलं. सर चष्मा पुसू लागले. मी स्कूटर काढली.

नसलेल्या माणसाला शोधणाऱ्या माणसाला शोधायचं तर सुरुवात कुठून करायची, हे मला कळेना. पण दोन गल्ल्या ओलांडल्यावर आवाज ऐकू आला. पूर्ण दमाने, बसस्थानकाच्या चालीवर, "सोहोनी! सोहोनी! जिथं असतील तिथून त्यायनं बाहेर यावं!" लोक गच्च्यांवर येऊन उभे होते. मी आवाजामागे स्कूटर घातली, आवाज पुढे सरकला. मी उजवीकडे वळलो, तो डावीकडून आला. मग एकदम बंद झाला. मी सगळ्या गल्ल्या धुंडाळल्या आणि घामाघूम होऊन रिकाम्या हातांनी परत आलो. काकू फाटकाला धरून उभ्या होत्या.

तेवढ्यात एक मोटारसायकल गल्लीत शिरली. मागे काकाजी, पुढे बनियन आणि अर्ध्या पँटमधला एक किडकिडीत माणूस.

"सापडला!" काकाजी लांबूनच गरजले.

तो खरोखरच सोहोनी होता. पलीकडच्या ले-आउटमध्ये नुकताच बदलीवर येऊन एकटा राहत होता. रस्त्यावर आपल्या नावाचा पुकारा ऐकून, गॅसचं सिलिंडर आलं असेल असं समजून तो बाहेर आला होता.

काकाजींनी त्याला खुर्चीतल्या पाहुण्यासमोर उभं केलं. "हे घे गा. तुहा सोहोनी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"नमस्कार," पाहुणा म्हणाला.

"नमस्कार," सोहोनी म्हणाला. "माझं काही काम होतं का?"

पाहुण्याने आशेने मेश्राम सरांकडे पाहिलं. त्याला यापुढचं शिकवलेलं नव्हतं.

काकाजी काही तरी बोलणार, तोच त्यांचा तोल गेला. वर्षाने त्यांना धरून खाली बसवलं. काकू गूळपाणी घेऊन आल्या. काकाजींनी तोंड फिरवलं. "आधी याले वाढ. संकटात आहे तो."

"मला संकट नाही हो," सोहोनी म्हणाला.

"नाही कसं? लोक रडून राहिले तुह्यासाठी!"

"अहो, कोणी नाही रडलं!" काकू कडाडल्या. "मी आणले सगळे. मीच! तुमचा धर्म पाहुण्याले जेवू घालणं, तर माहा धर्म तुमाले जेवू घालणं. पाहुणे येत नव्हते, मंग मी पाहुणे पैदा केले!"

"सगळे?" काकाजींनी विचारलं.

"सगळे."

"तो उंच, कानात बाळी असलेला?"

"माझा विद्यार्थी," सर म्हणाले.

"अन् तो रडला तो?"

"ऑफिसातला टेकाडे," मी म्हणालो.

"चांगला रडला," काकाजी म्हणाले, आणि हसू लागले. ते हसले तसे सर हसले, मग आम्ही सगळे, काहीच न कळलेला सोहोनीसुद्धा. काकूंनी त्या हसण्यातच गूळपाण्याचा पेला त्यांच्या तोंडाला लावला. मग काकाजी थांबले.

"म्हणजे माह्या एका घासापायी सगळी गल्ली रोज खोटं बोलून राहिली." ते कोणाकडेच पाहत नव्हते. "आपल्यापुरता होता तवरी नेम होता, गा. दुसऱ्याले खोटं बोलाले लावते तो नेम नसते. तो हट्ट असते."

त्यांनी सोहोनीला हाताला धरून आत नेलं, शेजारी दोन पाट मांडले, आणि दोघे बरोबरच जेवायला बसले. मी एवढ्या वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. जेवता जेवताच वर्षा म्हणाली, "बाबा, आता तरी पुण्याला चला."

"चल."

तिने तासाभराच्या वादाची तयारी केली असावी.

"मले कोणी विचारलं काय?" स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या.

"येतं का वं?"

"येते ना! तिथं कोणाले पकडता ते पाहाले तरी येते."

सगळं आवरून ते निघाले तेव्हा आम्ही सगळे स्टेशनवर पोचवायला गेलो. दुपारची गाडी होती. काकूंनी एवढ्या पुऱ्या आणि सुकी भाजी केली होती की डबे उचलायला सर आणि मी दोघे लागलो. आम्ही फलाटावर खिडकीशी उभे राहिलो. काकाजी जागेवर बसले, दुपट्ट्याने कपाळ टिपलं आणि सहज डब्यात नजर टाकली. पुढच्या बाकांवर माणसं. मागे माणसं. वरच्या बर्थवरून लोंबणारे पाय. रस्त्यात बॅगांवर बसलेली माणसं.

ते हळूहळू उभे राहिले. खिडकीशी वाकून त्यांनी मेश्राम सरांचा हात गच्च धरला.

"सर, पाहा ना! एकबी ओळखीचा नाही!"

पुढच्या क्षणी डबा उघडला होता. "या, या, घ्या," काकाजींनी समोरच्या बाईंच्या पुढे पुरी धरली. बाईंनी पिशवी छातीशी ओढून घेतली. शेजारच्या माणसाने मान वळवली. वर्षा खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, रेल्वेत अनोळखी माणसाच्या हातचं कोणी खात नाही. गुंगीचं औषध घालतात लोक."

"मी?" काकाजी म्हणाले.

"तुम्ही नाही हो, पण त्यांना काय माहीत?"

समोरच्या बाईंना वाईट वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "तसं नाही भाऊ. पण आधी तुम्ही खाऊन दाखवा. मग घेते."

काकाजी हातातल्या पुरीकडे पाहत राहिले. काकू पाहत होत्या. आम्ही खिडकीच्या गजांना धरून पाहत होतो. फलाटावर घोषणा चालू होती, ती मला ऐकू आली नाही. बाईंच्या मांडीवरचं मूल पुरीकडे हात लांबवत होतं आणि त्या त्याचा हात मागे ओढत होत्या.

काकाजींनी पुरी तोंडात घातली.

नीट चावली, गिळली, आणि तोंड उघडून बाईंना दाखवलं. बाई हसल्या. मुलाने पुरी घेतली, मग बाईंनी, मग शेजारच्याने, मग वरून एक हात खाली आला आणि रस्त्यातल्या बॅगांवरून दुसरा. काकू म्हणाल्या, "थांबा, भाजी राहिली," आणि दुसरा डबा उघडू लागल्या.

गाडी हलली. आम्ही सगळे हात हलवत खिडकीबरोबर चालू लागलो. वर्षाने हात हलवला, काकूंनी भाजीचा चमचा हलवला. काकाजींनी एकदाही बाहेर पाहिलं नाही. ते वाकून, नाव-गाव न विचारता, पुढच्या बाकावर वाढत होते.